मोसमाची पहिली शिट्टी

पाऊस ओसरला, नवरात्राचे घट उठले आणि दसऱ्याचे सोने वाटून झाले, की आपल्याकडच्या बास्केटबॉलच्या उघड्या मैदानांवर ठरावीक हालचाल सुरू होते. चार महिने सिमेंटवर साचलेले शेवाळ खरवडून काढतात, बुजलेल्या रेघा पुन्हा रंगवतात, कुजलेली जाळी उतरवून नवी बांधतात. मुले तर रंग वाळायच्या आधीच चेंडू घेऊन हजर! या गडबडीत आणखी एक प्राणी घरी कपाट उपसत बसलेला असतो. त्याच्याकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. शिट्टी सापडते, तर तिची दोरी सापडत नाही. काळी विजार सापडते, पण ती कमरेला गेल्या वर्षीइतकी उदार राहिलेली नसते. हा प्राणी म्हणजे हौशी पंच.

हौशी म्हणजे काय, हे सांगायलाच हवे. हा मनुष्य दिवसा बँकेत असतो, शाळेत शिकवीत असतो, नाही तर दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला असतो. संध्याकाळी आणि रविवारी तो शिट्टी घेऊन मैदानावर उभा राहतो. मिळते ते मानधन जाण्यायेण्यात आणि चहात संपते. शिव्या मात्र फुकट मिळतात. आता अशा पंचांत मुलीही दिसू लागल्या आहेत, ही मोठी समाधानाची गोष्ट. तुमच्यापैकी कोणी या मोसमात पहिल्यांदाच शिट्टी हाती घेणार असेल, कोणी चार महिन्यांच्या विश्रांतीनंतर पुन्हा उतरणार असेल, आणि बाकीचे कठड्यावर बसून सामना पाहणार असतील. मला या सगळ्यांशीच दोन शब्द बोलायचे आहेत.

मोसमाची तयारी म्हटली, की प्रथम पाय आठवतात आणि ते बरोबरच आहे. मैदान २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. १०-१० मिनिटांची चार सत्रे. घड्याळ दर शिट्टीला थांबते, म्हणून ४० मिनिटांचा सामना सहज दीड तास चालतो. खेळाडू दमला तर त्याला बदली मिळतो. पंचाला बदली नाही. तेव्हा पहिल्या सामन्याच्या आधी तीन-चार आठवडे पळायला लागावे. नुसते सरळ नव्हे, तर बाजूला आणि मागेही, कारण पंचाला खेळाकडे पाठ करून चालत नाही. परंतु पायांची एक सोय असते, बरं का. ते दुखतात, म्हणून कच्चे राहिले आहेत हे आपल्याला कळते. नजरेचे तसे नाही. नजर बिघडते आणि पत्ताही लागू देत नाही.

ती बिघडते कशी? चार महिने आपण प्रेक्षक झालेलो असतो. घरी दूरदर्शनवर सामने पाहतो, आणि प्रेक्षकाची नजर चेंडूमागे धावते. त्यात त्याचा दोष नाही. खेळ आहेच चेंडूचा. पण मैदानावर खेळाडू दहा असतात आणि चेंडू एक. चेंडू ज्याच्या हातात तो आणि त्याला अडवणारा, असे दोघे सर्वांना दिसतात. उरलेले आठ काय करीत असतात? एकाने दुसऱ्याचा सदरा मुठीत धरलेला असतो. कोणी कोपराने जागा करून घेत असतो. टोपलीवरून उसळणारा चेंडू आपल्याला मिळावा म्हणून कोणी समोरच्याला कमरेने ढकलीत असतो. हे हजार प्रेक्षकांना दिसत नाही. ते दिसायचे तर पंचालाच.

ही गोष्ट खेळाच्या जन्मापासूनची आहे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि हिवाळ्यात कंटाळलेल्या विद्यार्थ्यांसाठी हा खेळ काढला. टोपलीची उंची तेव्हा दहा फूट होती. आजही ती तेवढीच, म्हणजे ३.०५ मीटर आहे. नेस्मिथने नियम केले अवघे तेरा. पण त्या तेरांतही त्याने दोन अधिकारी नेमले आणि त्यांची कामे वाटून दिली. एकाने माणसांकडे पाहायचे, दुसऱ्याने चेंडूकडे. टोपल्या जाऊन लोखंडी कड्या आल्या, तेरा नियमांचे पुस्तक झाले, पण ही वाटणी टिकली. आज आपल्या बहुतेक सामन्यांना दोन पंच असतात. एक टोपलीजवळच्या शेवटच्या रेघेवर, दुसरा हल्ल्याच्या मागे. चेंडू एकाच्या हद्दीत असला, की दुसऱ्याने चेंडू विसरायचा. वाचायला हे सोपे आहे. करून पाहा! समोर चेंडू टोपलीकडे झेपावतो आहे आणि आपण त्याकडे न पाहता कोपऱ्यातल्या दोन पोरांच्या कोपरांकडे पाहायचे. मन आवरणे म्हणतात ते हेच.

हा केवळ पंचांच्या कसबाचा प्रश्न नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलींचा शालेय सामना समजा. एक अंगाने लहान, पण चपळ मुलगी आहे. तिला चेंडू मिळू नये म्हणून समोरची धिप्पाड मुलगी तिला हळूच ढकलते आहे, हात धरते आहे, आणि हे सारे चेंडूपासून पाच पावलांवर चालले आहे. गर्दी चेंडूकडे पाहते. पंचही चेंडूकडेच पाहत असेल, तर त्या मुलीने दाद कोणाकडे मागावी? ती वळून एकदा पंचाकडे पाहते, दोनदा पाहते. तिसऱ्यांदा पाहत नाही. एक तर ती स्वतः ढकलायला शिकते, नाही तर पुढच्या वर्षी मैदानावर येत नाही. गुणपत्रकावर यांपैकी कशाचीच नोंद होत नाही. म्हणून मोसमाच्या आरंभी मी दोरी आणि विजार शोधण्याआधी नजरेची तालीम घ्या म्हणतो. सरावाचा कोणताही सामना चालू असेल तेथे शेवटच्या रेघेमागे उभे राहा आणि दहा मिनिटे चेंडूकडे न पाहता खेळ पाहा. पहिल्या दिवशी दोन मिनिटेही जमणार नाही. आठवड्याभरात जमेल.

दुसरा धडा जागेचा. दोन खेळाडूंचा स्पर्श झाला की नाही हे कळायला त्यांच्या जवळ असणे पुरत नाही. त्यांच्यामधली फट दिसली पाहिजे. पाठीमागून पाहिले, तर हातभर अंतर असूनही धक्का लागल्यासारखे वाटते. दोन पावले बाजूला सरकले, की सत्य दिसते. फट दिसली नाही तर शिट्टी वाजवू नये. चेंडूवर थाप बसल्याचा आवाज ऐकून, खेळाडूची किंकाळी ऐकून किंवा कठड्यावरचा ओरडा ऐकून तर मुळीच वाजवू नये. पंचाने डोळ्यांनी द्यावे, कानांनी नाही.

आणि पाहायचे कोणाला? चेंडू घेऊन जाणारा आणि अडवणारा आदळले, म्हणजे मैदानात एकच गलका होतो. जो पडला तो गरीब, असा लोकांचा न्याय! नियमाचा न्याय वेगळा आहे. अडवणाऱ्याने दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, समोर तोंड करून आधी जागा घेतली होती का? ती घेतल्यावर तो बाजूला किंवा मागे सरकला तरी हरकत नाही. त्याने हात सरळ वर करून जागच्या जागी उडी मारली, तर ती वरची हवाही त्याचीच. तेव्हा आधी अडवणाऱ्याकडे पाहा. तो बरोबर असेल, तर दोष दुसऱ्याचा. अशा वेळी टोपलीत गेलेला चेंडूही पाहू नये. तो पाहायला पुष्कळ लोक आहेत.

नियमांचे पुस्तकही दरसाल नव्याने वाचावे. गेल्या वर्षीचे ज्ञान म्हणजे कधी कधी नुसता समज असतो. २०१० साली तीन गुणांची रेघ ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर गेली. २०१७ साली पावलांचा नियम बदलला. धावता धावता चेंडू झेलताना जो पाय जमिनीवर असेल तो आता मोजत नाहीत, त्यानंतरची दोन पावले मोजतात. तरी अजून प्रत्येक सामन्यात कोणी काका उठून ‘चालला, चालला!’ म्हणून ओरडतातच. काकांना क्षमा आहे. पंचाला नाही. हातांच्या खुणांचीही आरशासमोर तालीम करावी. फाउल असेल तर मूठ वर, दुसरा नियमभंग असेल तर उघडा पंजा. ३४ क्रमांक दाखवायचा, तर हाताची मागची बाजू दाखवून आधी तीन बोटे, मग तळवा दाखवून चार. घरचे हसतील. हसू द्यावे.

सामन्याच्या दिवशी २० मिनिटे आधी मैदानावर पोहोचावे, कारण पंचाचा अधिकार तेव्हापासूनच सुरू होतो. रेघांवर वाळू आहे का, कडी हलते का, खांबांना गादी बांधली आहे का, ते पाहावे. चेंडू डोक्याइतक्या उंचीवरून सोडावा. तो साधारण कमरेपर्यंत उसळायला हवा. मग टेबलाकडे जावे. गुण लिहिणारा आणि घड्याळ चालवणारा ही बहुधा कॉलेजातील मुले असतात. त्यांना नावाने हाक मारावी, खुणा समजावून द्याव्यात. याला मी फार महत्त्व देतो. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या अंतिम सामन्यात काय झाले? शेवटची तीन सेकंदे तीनदा खेळवली गेली. एकदा तर घड्याळ नीट लावण्याआधीच चेंडू खेळात आला. शेवटी सोव्हिएत संघ ५१-५० ने जिंकला. पंच असलेल्या ब्राझीलच्या रेनातो रिघेत्तो यांनी गुणपत्रकावर सही केली नाही, आणि अमेरिकेच्या खेळाडूंनी रौप्यपदके घेतली नाहीत. टेबल आणि पंच यांचा मेळ तुटला, की ऑलिंपिकचीही अशी गत होते. मग आपल्या तालुक्याच्या स्पर्धेची काय कथा!

आता पहिल्या पाच मिनिटांविषयी. खेळाडू हुशार असतात. आज किती चालते, हे ते पहिल्या पाच मिनिटांत चाचपून पाहतात. जो धक्का तुम्ही पहिल्या मिनिटाला सोडला, तो चाळिसाव्या मिनिटाला फाउल कसा होईल? आणि जो तेव्हा धरला, तो शेवटी गुण बरोबरीत असताना सोडायचा कसा? एका सत्रात संघाचे चार फाउल झाले, की पाचव्यापासून समोरच्याला फुकटच्या फेकी मिळतात. खेळाडूचे पाच झाले, की तो बाहेर. म्हणजे प्रत्येक शिट्टीला किंमत आहे. ती दोन्ही टोपल्यांखाली सारखीच असावी. गावात सगळेच ओळखीचे असतात. एका संघात आपला पुतण्या, दुसऱ्यात शेजाऱ्यांचा मुलगा. आपलेच दात आणि आपलेच ओठ! शक्य असेल तर असा सामना दुसऱ्याला द्यावा. नसेल तर मैदानात कोणी काका नाही आणि कोणी पुतण्या नाही. तेथे फक्त क्रमांक आहेत.

शेवटी कठड्यावरच्या मंडळींना एक विनंती. पाचामुखी परमेश्वर असे आपण म्हणतो. येथे तर दोघांच्याच मुखी शिट्टी असते, आणि तीही माणसेच. आवडीने या कामात आलेली तरुण मुले पहिल्याच मोसमात शिव्या ऐकून शिट्टी ठेवून देताना मी पाहिली आहेत. ती गेली, तर सामने कोण घेणार? ओरडायचे असेल तेव्हा मनाला एवढेच विचारा, की त्या क्षणी मी कोठे पाहत होतो? बहुधा चेंडूकडे. पंच कदाचित दुसरीकडे पाहत असेल, आणि ते त्याचे कामच असेल. या रविवारी पाच मिनिटे तुम्हीही चेंडू सोडून उरलेल्या आठांकडे पाहा. एक निराळाच सामना दिसेल. तो पाहण्याची गोडी लागली, तर जिल्ह्याच्या बास्केटबॉल संघटनेकडे पंचपरीक्षेची चौकशी करा. वयाने पळणे सुटले असेल, तर गुणपत्रक लिहायला बसा. नव्या मोसमात दोन्ही जागा रिकाम्या आहेत.