मोठ्या आंतड्याची तपासणी : पुरी कीं अर्धी?



वाड्याची झडती घ्यावयाची, आणि शेवटच्या खोलीचें कुलूप उघडलें नाहीं म्हणून तेथूनच परतावयाचें, तर ‘वाड्यांत चोर नाहीं’ असें म्हणण्याचा अधिकार कोणासही पोंचत नाहीं. मोठ्या आंतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीस हाच न्याय लागू पडतो. ‘दुर्बीण घातली, कांहीं सांपडलें नाहीं’ हें वाक्य घरोघर सुटकेचा निःश्वास टाकून उच्चारलें जातें. परंतु त्याआधीं एक प्रश्न विचारावयास हवा : दुर्बीण गेली कुठपर्यंत?

मोठें आंतडें सुमारें पांच फूट लांब असतें. पोटाच्या उजव्या बाजूस खालीं, जेथें लहान आंतडें त्यास येऊन मिळतें, तेथें त्याचा आरंभ होतो. या पिशवीसारख्या आरंभास उंडुक म्हणतात. तेथून तें वर चढतें, आडवें जातें, डावीकडून खालीं उतरतें आणि नागमोडी वळण घेऊन गुदद्वाराशीं संपतें. दुर्बीण मात्र उलट दिशेनें, शेवटाकडून आरंभाकडे प्रवास करते. म्हणून वाटेंत अडथळा आला, तर न पाहिलेला राहतो तो उजवीकडचा भाग.

आणि हाच भाग फसवा. तेथें आंतडें रुंद व मळ पातळ असतो. त्यामुळें गांठ वाढली तरी मार्ग लवकर बंद होत नाहीं. रक्त थोडथोडें झिरपतें, मनुष्य फिकट पडतो, जिना चढतांना दमतो, आणि घरचीं माणसें तो दोष वयाच्या माथीं मारतात.

न्यूयॉर्क येथील बेथ इस्राएल रुग्णालयांत विल्यम वुल्फ व हिरोमी शिन्या यांनीं १९६९ सालीं लवचिक दुर्बिणींतून तारेचा फांस टाकून आंतड्यांतील मांसांकुर पोट न फाडतां काढण्यास आरंभ केला. या मांसांकुरांस डॉक्टर पॉलिप म्हणतात. ते आरंभीं निरुपद्रवी असतात. पण कांहींचें अनेक वर्षांनीं कर्करोगांत रूपांतर होतें. ते वेळींच काढल्यास आंतड्याच्या कर्करोगाचें प्रमाण पुष्कळच घटतें, असें १९९३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या ‘नॅशनल पॉलिप स्टडी’नें दाखविलें. मात्र त्या पाहणींतील रोग्यांचें आंतडें संपूर्ण तपासलेलें होतें, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

तपासणी अपुरी राहण्याचीं कारणें अनेक आहेत. लांब व सैल आंतड्यांत दुर्बिणीचे वेढे पडतात. पूर्वीच्या शस्त्रक्रियेमुळें आंतडीं एकमेकांस चिकटलेलीं असतात. कोठें सूज वा गांठ मार्ग अरुंद करते, तर कोठें पोट नीट साफ झालेलें नसतें. यांत दरवेळीं डॉक्टरांचा दोष असतो असें नव्हे. ब्रिटनमध्यें ठरविलेला किमान दंडकसुद्धां शंभरांपैकीं ९० तपासण्या उंडुकापर्यंत पोंचाव्यात, असाच आहे. म्हणजे कांहीं अपुऱ्या राहणार, हें तेथें गृहीतच धरलेलें आहे.

मग उरलेल्या खोलीची झडती कशी घ्यावी? साफसफाई नीट झाली नसेल, तर ती पुन्हा करून दुर्बीण घालावी. वेढे पडत असतील, तर बारीक दुर्बीण किंवा अधिक अनुभवी हात उपयोगी पडतो. याखेरीज चित्रण करण्याचे मार्ग आहेत. पूर्वी बेरियमचा एनिमा देऊन क्ष-किरणांचीं चित्रें घेत. १९९४ सालीं डेव्हिड व्हायनिंग या अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञानें सीटी स्कॅनच्या साहाय्यानें आंतड्याचें आंतील दृश्य संगणकावर उभें करून दाखविलें. या पद्धतींत आंतडें वायूनें फुगवून रोग्यास उताणें व पालथें निजवून चित्रें घेतात. ब्रिटनमध्यें लक्षणें असलेल्या रोग्यांवर झालेल्या व २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या तुलनेंत कर्करोग वा मोठा पॉलिप सांपडण्याचें प्रमाण बेरियमनें शेंकडा ५.६, तर सीटीनें शेंकडा ७.३ आढळलें.

गांठीमुळें दुर्बीण पुढें सरकत नसेल, तेव्हां पलीकडे दुसरी गांठ आहे कीं काय, हें शस्त्रक्रियेपूर्वीं सीटी दाखवूं शकतें. गिळावयाची कॅमेऱ्याची कुपीही आहे. अपुऱ्या तपासणीनंतर वापरण्यास अमेरिकेंत तिला २०१४ सालीं मान्यता मिळाली. परंतु मार्ग अरुंद असल्यास ती अडकण्याचें भय असतें.

हीं साधनें दुर्बिणीचीं पूरक होत, प्रतिस्पर्धी नव्हेत. सीटीला अगदीं लहान वा चपटे अंकुर हुकतात. शिवाय त्यांत किरणांचा थोडा मारा होतो. चित्रांत पॉलिप दिसला, तरी तो चित्रानें काढतां येत नाहीं. त्यासाठीं पुन्हा दुर्बीणच लागते.

म्हणून अहवाल हातीं पडतांच तीन गोष्टी विचाराव्यात. दुर्बीण उंडुकापर्यंत पोंचली काय, आणि आंत्रपुच्छाच्या मुखाचें व लहान आंतड्याच्या झडपेचें छायाचित्र घेतलें काय? आंतडें स्वच्छ होतें काय? आणि तपासणी अपुरी राहिली असल्यास उरलेला भाग कधीं व कोणत्या मार्गानें पाहावयाचा? असे प्रश्न विचारण्यांत डॉक्टरांवर अविश्वास नाहीं. चांगला डॉक्टर त्यांचीं उत्तरें अहवालांत स्वतःच लिहून ठेवतो. जेथें तीं लिहिलेलीं नाहींत, तेथें रोग्यानें वा त्याच्या मुलासुनांनीं तीं विचारून घ्यावींत, आणि तोंवर ‘कांहीं सांपडलें नाहीं’ या शब्दांवर निश्चिंत होऊं नये.