आरोग्यकेंद्रातला डॉक्टर आणि आपण

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

सिद्धगडाच्या मुलखातील माणसांना त्याग म्हणजे काय हे बाहेरून येऊन कोणी सांगण्याची गरज नाही. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तेथेच हुतात्मा झाले. आज मी एका निराळ्या निष्ठेविषयी बोलणार आहे. रात्रभर रुग्णाच्या उशाशी बसावे, नाडी मोजावी आणि जे दिसले ते वहीत लिहून ठेवावे, अशी ती निष्ठा आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील देहेड गावच्या गरीब शेतकरी कुटुंबातले. नागपूरला वैद्यकीय शिक्षण पुरे करून १९७६ साली ते महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्यकेंद्रात रुजू झाले. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. त्या भागात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे, विशेषतः लहान मुले, एका रात्रीत दगावत. गंभीर रुग्णांपैकी तीस ते चाळीस टक्के हाती लागत नसत. पाठ्यपुस्तकांतून खात्रीचा उपचार मिळत नव्हता आणि गावात मांत्रिक होताच.

बावस्करांनी प्रथम काय केले? ते रुग्णाजवळ बसून राहिले. दरदरून घाम, ओकाऱ्या, बर्फासारखे गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब आणि काही तासांनी फुप्फुसांत साचणारे पाणी, हा क्रम त्यांच्या नोंदींतून स्पष्ट होत गेला. विषामुळे शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यांच्याशी झुंजता झुंजता हृदय थकते. धोक्याची ही पूर्वलक्षणे सांगणारा त्यांचा निबंध १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पुण्याला एम.डी. करून ते पुन्हा त्याच मुलखात परतले. पोलादपूरच्या रुग्णालयात सोडियम नायट्रोप्रुसाइड या औषधाने त्यांनी रुग्ण वाचवले. परंतु हे औषध शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि सतत रक्तदाब मोजत राहावा लागतो. एक डॉक्टर, एक परिचारिका आणि भरवशाची नसलेली वीज एवढ्यावर चालणाऱ्या केंद्राला ते झेपावे कसे? म्हणून ते प्राझोसिनकडे वळले. रक्तदाबावरची ही साधी, तोंडाने घ्यायची गोळी आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. या उपचाराने मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरले. आपल्याच शोधाला कवटाळून बसण्याचा मोहही त्यांनी टाळला. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे दाखवणारी त्यांची चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली.

साथींनो, माझ्या दृष्टीने या कथेचे मर्म त्या गोळीच्या निवडीत आहे. उपचार शोधताना या डॉक्टराने गरिबाच्या दवाखान्याची ऐपत हीच कसोटी मानली. विज्ञान कोणाच्या बाजूने उभे राहते, या प्रश्नाचे उत्तर अशा निवडीतून मिळते.

पुढे बावस्कर सरकारी सेवेत राहिले नाहीत. त्यांनी महाडला स्वतःचे रुग्णालय काढले. तेथेही, २०१३ साली एका तपासणी केंद्राने पाठवलेला दलालीचा धनादेश त्यांनी परत केला आणि मेडिकल कौन्सिलकडे तक्रार नोंदवली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मान योग्यच झाला. पण आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. असे काम करणाऱ्या माणसाला सरकारी आरोग्यकेंद्रातच आयुष्य घालवावेसे वाटेल, अशी व्यवस्था आपण कधी निकराने मागितली काय?

आता आपल्या तालुक्यांकडे पाहू. तानसा, मोडकसागर आणि भातसा यांचे पाणी मुंबईला जाते आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. आरोग्याची वाटणीही याच न्यायाने होते. कसारा, डोळखांब, धसई येथे आरोग्यकेंद्रे आहेत. परंतु गंभीर रुग्णाच्या वाट्याला येणारे वाक्य ‘ठाण्याला न्या’ हेच! पाड्यावरून झोळीत घालून आणलेल्या कातकरी बाईसाठी या दोन शब्दांचा अर्थ काय होतो, हे तुम्ही जाणता. आदिवासी भागात वीस हजार लोकवस्तीमागे एक केंद्र असावे, असा सरकारचाच निकष आहे. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच मांडले होते.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने सर्पदंशाच्या प्रकल्पासाठी महाराष्ट्रातून गडचिरोलीतील अहेरीबरोबर शहापूरचीही निवड केली होती. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्र सरकारने २०२४ साली जाहीर केला. कागदावरचा हा संकल्प भातखाचरापर्यंत पोहोचवणे हे आपले काम आहे.

आपणही आपली चूक कबूल केली पाहिजे. आपण इमारतीसाठी मोर्चे काढले, ‘डॉक्टर हटवा’ अशा घोषणा दिल्या. पण त्या डॉक्टराला राहायला गळके घर आहे की धड, त्याची नेमणूक कायम आहे की कंत्राटी, हे विचारायला आपल्यापैकी किती जण गेले? बावस्करांसारखी माणसे आदेश काढून निर्माण होत नाहीत, हे खरे. पण त्यांनी टिकावे अशी परिस्थिती लढून निर्माण करता येते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. दर पावसाळ्यापूर्वी आपल्या केंद्रात जाऊन सर्पदंशावरील प्रतिविषाचा आणि प्राझोसिनचा साठा पाहा. डॉक्टर व परिचारिका यांच्या घरांची आणि कायम नेमणुकीची मागणी आपल्या मागण्यांत अग्रक्रमाने घाला. आणि प्रत्येक शाखेने एक वही ठेवावी. दंश कोणत्या पाड्यावर झाला, किती वाजता झाला, रुग्ण केंद्रात केव्हा पोहोचला, औषध मिळाले की नाही, माणूस जगला की गेला, हे तीत लिहावे. पुढच्या वेळी जिल्हा परिषदेवर मोर्चा नेऊ, तेव्हा निवेदनासोबत त्या वह्याही अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवू.