नको म्हटल्यावर

श्रोतेहो, सातबाराचा उतारा असो, ई-आधार असो, की विजेचे देयक असो, सरकारदरबारचा कागद हल्ली बहुधा पीडीएफच्या रूपानेच हाती येतो. आणि तो नुसता वाचावा एवढीच ज्याची माफक अपेक्षा, त्या गृहस्थापुढे पीडीएफ उघडणाऱ्या ॲपमध्ये कागदाच्या आधी एक रंगीत चौकट येऊन उभी राहते : सात दिवस फुकट वापरा, पुढे वर्गणी भरा. वर्गणीस माझा उजर नाही. ज्याला कागदात फेरफार करावयाचे असतील त्याने खुशाल पैसे मोजावेत. माझी तक्रार एवढीच की, एकदा नको म्हटलेले ऐकले जात नाही.

पाणपोईवर उन्हातून आलेल्या वाटसरूने ओंजळ पुढे करावी, तोच रांजणापाशी बसलेल्या इसमाने सरबताचा पेला पुढे करावा, नको म्हटल्यास 'बरे, उद्या विचारतो' म्हणावे, पाण्याचा गडू बाटल्यांच्या आड सारावा, आणि वाटसरू कसाबसा पाणी पिऊन निघालाच तर 'आमच्या पाणपोईला किती तारे देता?' असे विचारीत त्याच्या मागे मागे यावे, असा हा प्रकार आहे. पाणपोईलाही खर्च असतो, कबूल. पण मग फलक सरबताच्या दुकानाचा लावावा!

चौकट नीट पाहा. 'वर्गणी घ्या' ठळक निळ्या पट्टीवर. 'आता नको' फिक्या राखी अक्षरांत. बंद करण्याची फुली तर इतकी बारीक की वडीलधाऱ्यांचा अंगठा हटकून पट्टीवरच पडतो. 'कधीच नको' म्हणण्याची सोयच नाही. पुन्हा सांगतो, तक्रार पैशाची नाही, नकाराची आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा १३ क्लृप्त्या नमूद असून, वारंवार व्यत्यय आणून ग्राहकास जेरीस आणणे ही त्यांपैकीच एक. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. शिवाय पीडीएफ हे २००८ पासून आयएसओचे खुले मानक असल्यामुळे कागद उघडण्याचा मक्ता कोणा एकाकडे नाही. संगणकावर फायरफॉक्स वा क्रोम तो मुकाट्याने दाखवितात. डिजिटल सही पडताळण्याचा प्रश्न निराळा, आणि त्याविषयी बरेच सांगण्यासारखे... परंतु स्टुडिओच्या काचेपलीकडून घड्याळाकडे बोट दाखविले जात आहे.

तेव्हा एवढेच : चुकून ती पट्टी दाबली गेलीच असेल, तर ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. ॲण्ड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमधील वर्गण्यांच्या यादीत जाऊन ती रद्द करावी लागते. आणि तेथेही 'खरोखर रद्द करावयाची काय?' असे विचारतील.