नायट्याचं औषध पोचायचं कुठे?



नायटा हा चारचौघांत काढायचा विषय नाही. जांघेतली खाज माणूस डॉक्टरच्या आधी मेडिकलवाल्याला सांगतो, तीही दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही हे बघून. म्हणूनच हा विषय आज या मंचावरून काढतोय. धाराशिवपासून उमरग्यापर्यंत आणि परंड्यापासून तुळजापूरपर्यंत असं गाव दाखवा, जिथे पावसाळ्यात गजकर्ण, चिखल्या आणि नायटा घरोघर फिरत नाहीत.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. बुरशीविरोधी जेल हा आमच्या विद्यार्थ्यांचा लाडका प्रकल्प. साहित्य स्वस्त, यंत्रं मोजकी आणि निकाल डोळ्यांना दिसणारा. पण मला आज सांगायचंय ते हे, की जेल घट्ट होणं ही सुरुवात आहे. औषध कातडीच्या नेमक्या थरात पोचलं का, आणि पुरेसे दिवस तिथे राहिलं का, हा खरा प्रश्न.

हा प्रश्न जुना आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात नायट्यावर ‘गोवा पावडर’ मिळायची. ती मूळची ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाची. पोर्तुगीज व्यापारातून गोव्यात यायची, म्हणून गोव्याचं नाव तिला चिकटलं. नायट्यासाठी ही पावडर वापरलेल्या एका रुग्णाचा सोरायसिस सुधारल्याचं लंडनच्या डॉ. बाल्मानो स्क्वायर यांनी 1876 साली नोंदवलं, आणि पुढे त्यातूनच 1916 मध्ये डायथ्रॅनॉल हे औषध निघालं. गुण होता, पण पावडर कातडी भाजायची आणि कपड्यांवर न जाणारे डाग पाडायची. 

दुसरं उदाहरण आपल्या पिंपरीचं. तिथे 1954 साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या सुमारास ‘हॅमायसिन’ शोधलं. कॅन्डिडासारख्या बुरशीवर चालणारं हे औषध ज्या जिवाणूपासून मिळालं, त्याचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. औषध आपलं, भारतीय, पण पाण्यात विरघळायला तयार नाही. दोन्हीकडे औषधात दम होता. अडचण होती ती ते कातडीला सोसेल अशा रीतीने नेमक्या जागी पोचवण्याची.

आता ही बुरशी राहते कुठे ते पाहू. नायट्याची बुरशी केराटिनवर जगते. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा, याच केराटिनचा मृत थर कांद्याच्या वाळक्या सालीसारखा असतो. बहुतेक अंगावर त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या ते शंभराव्या भागाइतकी. बुरशीचा मुक्काम त्या सालीत. तेव्हा गुडघेदुखीचं जेल आणि नायट्याचं जेल यांचं काम उलटं आहे. पहिल्याला आत खोल उतरायचंय, दुसऱ्याला वरच थांबायचंय.

प्रयोगशाळेत जेल होतं कसं? कार्बोपॉल नावाची पांढरी भुकटी ढवळत्या पाण्यात चिमटी-चिमटीने भुरभुरवायची. शंभर ग्रॅमला एक ग्रॅम पुरते. घाई केली तर गाठी होतात, बाहेरून फुगलेल्या आणि आत कोरड्या. रात्रभर भिजू द्यायचं. औषध प्रोपिलीन ग्लायकॉल आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात मिसळायचं. मग ट्रायइथेनॉलअमाइन थेंब-थेंब सोडायचं. तोवर दुधाळ, पातळ असलेलं पाणी बघता बघता पारदर्शक आणि घट्ट होतं. मुलं इथे हमखास टाळ्या वाजवतात.

पण नायट्यावरचं औषध टर्बिनाफिन हायड्रोक्लोराइड असेल तर मेख इथेच आहे. ट्रायइथेनॉलअमाइनने पीएच चढला की ते औषध विरघळेनासं होतं, आणि स्वच्छ जेल गढूळ दिसू लागतं. मग दुसरा घट्टकारक, म्हणजे एचपीएमसीसारखा, शोधावा लागतो. शिवाय कार्बोपॉलला मीठ सोसत नाही. घामाने ओल्या कातडीवर ते पातळ होऊन ओघळतं. मांडीवर लावलेलं जेल चड्डीच्या नाडीला लागलं, तर उपयोग काय?

मग मलमच का नको? टाचेवरच्या कोरड्या, जाड कातडीला मलमच बरं. जांघेत आणि काखेत मात्र व्हॅसलीनचं मलम घाम कोंडून ठेवतं. तिथे जेल गार वाटतं, चिकटत नाही, लवकर सुकतं. मात्र खाजवून सोललेल्या जागी अल्कोहोल झोंबतं आणि माणूस दुसऱ्याच दिवशी ट्यूब फेकतो. म्हणून अल्कोहोल किती, हा कागदावरचा आकडा नाही. उपचार पूर्ण होणार की नाही, हे त्यावर ठरतं.

पुढे चाचण्या. फ्रांझ डिफ्युजन सेलमध्ये वर जेल, मध्ये पडदा, खाली 32 अंशांच्या आसपास राखलेला द्राव. दर तासाला खालचा नमुना काढायचा आणि किती औषध उतरलं ते मोजायचं. जास्त उतरलं की मुलं खूष. मी विचारतो, खाली उतरलेलं औषध बुरशीच्या काय कामाचं? पडद्यात किती राहिलं ते सांगा. माणसाच्या कातडीवर ते चिकटपट्टीने मोजता येतं. पट्टी लावायची, ओढायची, प्रत्येक पट्टीबरोबर एकेक पापुद्रा निघतो, आणि कुठल्या पापुद्र्यात किती औषध आहे ते कळतं.

तीच गत, बुरशी वाढवतात त्या आगारच्या ताटलीवरच्या वर्तुळाची. जेलभोवती बुरशी न उगवलेलं वर्तुळ मोठं, म्हणजे जेल उत्तम, असा समज आहे. पण पाण्यात न विरघळणारं दमदार औषध आगारमध्ये पसरतच नाही, त्याचं वर्तुळ लहानच येतं. शिवाय एक-दोन दिवसांत वाढते म्हणून चाचणीला कॅन्डिडा घेतात. नायट्याच्या ट्रायकोफायटॉनला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून तो राहून जातो. चोर एक आणि ओळखपरेड दुसऱ्याची!

आता खरं दुखणं. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोनसारखं स्टिरॉइड एकत्र असलेल्या ट्यूब वर्षानुवर्षं तोंडी मागणीवर विकल्या गेल्या. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते. त्वचेची प्रतिकारशक्ती मात्र दबते आणि बुरशी पसरते. कातडी पातळ होते, जांघेत कायमचे वळ उठतात. 2018 साली सरकारने त्वचेवर लावायच्या अशा स्टिरॉइडांना डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. अट कागदावर आहे, सवय काउंटरवर.

त्यातच बुरशी बदलली. टर्बिनाफिन बुरशीच्या एका एन्झाइमला अडवतं, त्यामुळे तिच्या पेशीच्या आवरणाला लागणारं अर्गोस्टेरॉल बनत नाही. त्या एन्झाइमच्या जनुकात एक बारीक बदल झाला की औषध तिथे नीट बसत नाही. बुरशीचे असे बदललेले प्रकार आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर आढळले. 2020 साली जपानमधल्या संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांपासून मिळालेल्या अशा बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव दिलं. आता ती युरोप-अमेरिकेतही सापडते.

मग आपल्या जिल्ह्यातल्या मुलांनी काय करावं? इथली परिस्थिती प्रयोगात आणावी. स्थैर्याच्या जलद चाचणीत औषध 40 अंशांवर, 75 टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवतात. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या दुकानातली फळी चाचणीची वाट बघत नाही, ती चाचणी रोज घेतेच. ऊसतोडीला जाणारं कुटुंब एकच ट्यूब पाचजणांत वापरतं, आणि खाज थांबली की बंद करतं. टँकरच्या पाण्यावरच्या वस्तीत ‘दोनदा अंघोळ करा’ हा सल्ला कोरडाच राहतो. तिथे दिवसातून एकदा लावून भागेल, सालीत टिकेल, घामाने ओघळणार नाही आणि पूर्ण उपचाराला पुरेल एवढ्या मापाचं जेल हवं. कडक ऊन मात्र आपल्याकडे भरपूर. टॉवेल आणि आतले कपडे त्यात खडखडीत वाळवा, एकमेकांचे वापरू नका.

आणि तुमच्यासाठी चार गोष्टी. ट्यूबवर स्टिरॉइडचं नाव दिसलं तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. औषध चट्ट्याच्या कडेपलीकडे दोन बोटं लावा, कारण बुरशी कडेनेच पुढे सरकते. चट्टा गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस लावत राहा. घरातल्या इतरांना खाज असेल तर सगळ्यांचा उपचार एकाच वेळी करा. एकट्याचा केला तर नायटा पुन्हा फिरून येणारच.

चांगलं जेल आम्ही बनवू. ते शेवटच्या दिवसापर्यंत लावायचं काम तुमचं.