नेम आणि नियम

कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. तेथे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. त्या .२२ काडतुसाची ठिणगी कडेतच असल्याने ते पुन्हा भरले जात नाही. म्हणून नेमबाज निरनिराळ्या खेपांची काडतुसे स्वतःच्या रायफलीत पारखून एकच खेप स्पर्धेसाठी राखतो. मोठी काडतुसे हाताने भरताना दारू काट्यावर तोलावी लागते. ती अधिक झाल्यास रायफल फुटून नेमबाजाच्याच जिवावर बेतते. शिवाय परवान्याविना काडतूस बनविणे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये गुन्हा आहे. विजयादशमीला शस्त्र पूजणाऱ्या समाजाला ही शिस्त परकी नाही. जळोचीच्या तरुणांनी रायफल हाती घेण्यापूर्वी ती अंगी बाणवावी.