न वाजवायच्या अटीवर दिलेली तबकडी



हाच विषय मी काल धुळ्यात मांडला. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मी उभा राहण्याआधीच विचारलं, "रॉकचा आणि खानदेशाचा काय संबंध?" म्हटलं, तासाभरात सांगतो. ते तासभर शांत बसले आणि जाताना म्हणाले, "अजून कळलं नाही." (हशा) जळगावकरांना लवकर कळतं असं धुळ्याचेच लोक म्हणतात, म्हणून धीर करून आलो आहे. (हशा, टाळ्या)

तर, क्वीन नावाचा इंग्लिश बँड आणि त्यांची 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ही सिंगल. सिंगल म्हणजे सात इंची तबकडी, मिनिटाला 45 फेरे, एका अंगाला एक गाणं. लाखेच्या तबकड्या, कर्ण्याचा ग्रामोफोन, 1902 साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करणारी गौहरजान, हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. फ्रेडी मर्क्युरीही ठाऊक आहे: मूळचा फारुख बलसारा, पारशी घरातला, जन्म झांझिबारचा, शिक्षण आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथे पोरांनी 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता, त्यात हा पियानो वाजवायचा. मी धुळ्याच्या गृहस्थांना अभिमानानं हे सांगितलं. ते म्हणाले, पाचगणी खानदेशात येत नाही. (हशा)

माझं म्हणणं एकच आहे. ते मी भेटेल त्याला ऐकवत आलो आहे. घरच्यांनी ऐकणं सोडलं तेव्हा व्याख्यानमालांकडे वळलो. गाणं प्रकाशित कंपनी करत नाही. 'पुन्हा एकदा' असं जो पहिल्यांदा ओरडतो, तो करतो. कंपनी नंतर येऊन तारीख टाकते.

पुरावा बघा. 1975 च्या ऑगस्टमध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत काम सुरू झालं. मधला ऑपेरासारखा भाग फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांनीच पुन्हा पुन्हा गाऊन, आवाजावर आवाज चढवून उभा केला. टेप इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा थर झिजला आणि उजेडात धरली तर आरपार दिसायला लागलं, असं ब्रायन मे सांगत असे. गाणं झालं 5 मिनिटं 55 सेकंदांचं. ईएमआय कंपनी म्हणाली, एवढं लांब गाणं रेडिओ वाजवणार नाही, कापा. तेव्हा रेडिओचं माप साधारण तीन मिनिटांचं. पोरांनी साफ नाही म्हटलं.

मग केनी एव्हरेट. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरचा हा निवेदक फ्रेडीचा दोस्त. त्याला तबकडी दिली ती एका अटीवर: वाजवायची नाही. आता मंडळी, ज्याचा धंदाच तबकड्या वाजवायचा, त्याला ही अट घालणाऱ्याच्या मनात काय असेल ते तुम्हीच ओळखा. (हशा) आधी त्यानं नुसते तुकडे ऐकवले. मग 'बोट घसरलं' म्हणत पूर्ण गाणं लावलं. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत ते चौदा वेळा वाजलं. सोमवारी लोक दुकानांत जाऊन तबकडी मागायला लागले आणि दुकानदार म्हणत होते, अहो, ती निघालीच नाही अजून! 31 ऑक्टोबरला ती रीतसर निघाली. नोव्हेंबर सरता सरता ब्रिटनच्या यादीत पहिली आली आणि सलग नऊ आठवडे तिथून हलली नाही. आता सांगा, प्रकाशन 31 तारखेला झालं की त्या शनिवारी? (टाळ्या)

जाता जाता तबकडीच्या दुसऱ्या अंगाचं सांगतो, हे टिपणात नव्हतं. मागच्या बाजूला रॉजर टेलरचं, मोटारीवरच्या प्रेमाचं गाणं आहे. ते मागे घालावं म्हणून तो एका कपाटात कोंडून घेऊन बसला होता, होकार मिळेपर्यंत बाहेर आला नाही, असा किस्सा आहे. हट्ट कशासाठी? तर तबकडी एकच विकली जाते, पण तिच्या दोन्ही अंगांना रॉयल्टी सारखी. लोकांनी पैसे मोजले पुढच्या गाण्यासाठी, मागच्याचे पैसे घरबसल्या मोटारवाल्याला! बाकीचे कितीतरी वर्षं कुरकुरत होते. आपल्याकडे वरातीत नवरदेवावरून नोटा उधळतात, त्या नेमक्या कुणाच्या, यावरून ताशेवाला आणि कीबोर्डवाला यांच्यात जे होतं तेच हे. मी तर एकदा...

चिठ्ठी आली आहे. 'दहा मिनिटं.' बरं. (हशा) मघाशी तीन मिनिटांचा आग्रह धरणाऱ्या कंपनीवर मी टीका केली, ती चिटणीसांनी मनावर घेतलेली दिसते. (हशा)

बालगंधर्वांवर खरं तर अर्धा तास ठेवला होता. लहानग्या नारायण राजहंसांना गाण्याचे पहिले धडे याच जळगावात, मेहबूबखाँकडे मिळाले. तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत आटपावं लागणारं पद रंगमंचावर वन्स मोअरवर वन्स मोअर घेत वाढत जायचं. तबकडीचं माप कारखान्याचं होतं, पदाचं माप पिटातला प्रेक्षक ठरवायचा. एवढंच सांगून पुढे जातो, जीव तुटतो आहे तरी.

आता धुळ्याच्या गृहस्थांचं उत्तर. पारोळ्याकडच्या एका खेड्यात लग्नाला गेलो होतो. मारुतीच्या देवळापाशी वरात थांबली, बँडगाडीवरच्या कीबोर्डवाल्या पोरानं एक चाल काढली. सिनेमातली नव्हती, त्याचीच असावी. मास्तरनं डोळे वटारले. पण पोरं ओरडली, "आखो वाजाड, भाऊ!" झालं. वरात तिथंच. मुहूर्त टळला, मांडवात पंगत खोळंबली, नवरदेवाचे मामा मनगटावरचं घड्याळ दाखवत मधे शिरले. शेवटी तेही नाचले. (हशा) पुढच्या लग्नसराईत तीच चाल मी चोपड्याला दुसऱ्याच बँडकडून ऐकली, एरंडोलला तिसऱ्याकडून. त्या पोराचं नाव कुणालाच सांगता येईना.

'केसावर फुगे' यूट्यूबवर कधी चढलं, ती तारीख तिथे दिसते. पण हे अहिराणी गाणं पुण्या-मुंबईच्या लग्नांत पोचण्याआधी कुठल्या गावच्या कुठल्या वरातीत पहिल्यांदा पुन्हा वाजवायला लावलं, हे कुणी लिहून ठेवलंय? लंडनच्या त्या दोन दिवसांचा हिशेब, चौदा वेळा, इथे बसून मला पाठ आहे. आपल्या वरातींचा एकही नाही. रॉक ऐकू नका म्हणणाऱ्यांवर माझा राग नाही. राग आहे तो बँडवाल्याला 'वाजंत्री' म्हणून मांडवाच्या मागे जेवायला बसवणाऱ्यांवर, आणि त्यात आपण सगळे आलो. (शांतता)

दुसरी चिठ्ठी आली. ही कोरीच आहे, म्हणजे मी समजून घ्यायचं. (हशा)

एक विनंती. कुणाच्या घरी लग्नातल्या बँडच्या जुन्या कॅसेटी असतील, व्हिडिओ असतील, तर भंगारवाल्याला देऊ नका. वर गाव, साल आणि वाजवणाऱ्याचं नाव लिहा. नाव आठवत नसेल तर नवरदेवाला विचारा. बँड ठरवताना घासाघीस त्यानंच केली असेल, त्याला आठवेल. सभागृहाच्या दारापाशी टेबलावर एक रजिस्टर ठेवलं आहे, त्यात आपलं नाव आणि गाव नोंदवा. पेन मात्र आपलं आपण वापरा, आमचं मघाशीच कुणीतरी नेलं.