भिंत छापणारं यंत्र आणि आपलं घमेलं

चकलीचा सोऱ्या दाबला की पीठ खाली येतं आणि हात फिरेल तसे वेढे पडतात. तसाच एक भलामोठा सोऱ्या आता भिंती उभ्या करतो. संगणकात घराचा नकाशा घालायचा, की यंत्र नळीतून काँक्रीटचे थरावर थर सोडत जातं. बंगळूरला केंब्रिज लेआउट भागात असं १,०२१ चौरस फुटांचं पोस्ट ऑफिस बांधलंय. काम लार्सन अँड टुब्रोचं, मार्गदर्शन मद्रास आयआयटीचं. ४३ दिवसांत उभं राहिलं, १८ ऑगस्ट २०२३ ला उद्घाटन झालं.

कौतुक आहेच. पण बांधकामावर विटा आणि माल डोक्यावरून कोण वाहतं? बहुतेक आपणच. भिंती छापायला लागले तर आधी घमेलं जाईल, आणि त्याबरोबर आपली हजेरी. प्लास्टर, फरशी, नळ, वायरिंग यांना मात्र कसबी हात लागणारच. हे यंत्र काही उद्याच आपल्या गावात येत नाही, तेवढा वेळ आहे.

झारखंडमध्ये शौचालयं बांधताना बायका गवंडीकाम शिकल्या. तिथं त्यांना ‘रानी मिस्त्री’ म्हणतात. हातात थापी आली की मजुरी बिगाऱ्याची नाही, मिस्त्रीची मागता येते.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत गवंडीकामाच्या प्रशिक्षणाचा विषय घ्या. आणि ज्या वर्षात ९० दिवस बांधकामावर राबल्यात, वय १८ ते ६० आहे, त्यांनी बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करा. दिवसांचा दाखला ठेकेदार देत नसेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे मागा.